हायकोर्टात पहिल्यांदा जाताना: नागपूर खंडपीठाची वाट

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात निकाल विरोधात गेला की घरात पहिलं वाक्य निघतं, "हायकोर्टात जाऊ, तिथे सगळं नव्याने सांगू." जायला हरकत नाही, पण नव्याने सांगण्याची आशा इथेच सोडा. हायकोर्टात सहसा साक्षीदार उभे राहत नाहीत, उलटतपासणी होत नाही. खालच्या कोर्टात, समितीसमोर किंवा अधिकाऱ्यासमोर जे रेकॉर्डवर आलं, त्यावरच इथे युक्तिवाद होतो. त्यामुळे इथे येणाऱ्याने दोन गोष्टी जिवापाड सांभाळायच्या: कागद आणि तारखा. बाजू खरी असूनही केवळ या दोन गोष्टींपायी अडकलेली माणसं या आवारात रोज दिसतात आणि जीव तुटतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वकिली नुकतीच सुरू केलेल्या मुलामुलींनाही उपयोगी पडेल.

आधी पत्ता

गणेशपेठच्या एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनवर उतरून ऑटोवाल्याला नुसतं "कोर्ट" म्हटलंत, तर तो जिल्हा न्यायालयात नेऊन सोडेल. दोन्ही कोर्टं सिव्हिल लाइन्समध्येच आहेत, पण आवारं वेगळी. "हायकोर्ट" असंच सांगा. आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र जवळ ठेवा, कारण आत जायला पास लागतो. केस नंबर कागदावर लिहून आणा. फोनमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण न्यायदालनात जाताना फोन बंदच ठेवावा लागतो.

हे कोर्ट कोणाचं

नागपूर खंडपीठ हे मुंबई उच्च न्यायालयाचाच भाग आहे. नागपूरला १९३६ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी स्वतःचं उच्च न्यायालय मिळालं. आजची घुमटाची इमारत जानेवारी १९४० मध्ये खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपूरला गेलं आणि इथे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसू लागले. पुढे १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात कलम ४१ आलं. किमान तीन न्यायमूर्ती नागपूरला बसतील आणि बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आजचा चंद्रपूर) व राजुरा इथली प्रकरणं ऐकतील, असं त्यात लिहून ठेवलं आहे. वाशीम, गोंदिया आणि गडचिरोली नंतर वेगळे झाले. आज अकरा जिल्हे याच खंडपीठाखाली येतात. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या शेतकऱ्याला मुंबई गाठावी लागत नाही, आणि ही कोणाची मेहेरबानी नाही, कायद्यातली तरतूद आहे.

याच आवारात घडलेली माणसं सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशपदापर्यंत गेली. मोहम्मद हिदायतुल्ला नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. शरद बोबडे आणि भूषण गवई यांनी इथेच वकिली केली.

मुंबईत मोठ्या रकमेचे काही दिवाणी दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात, कारण तिथे त्याची "ओरिजिनल साइड" आहे. नागपूरला तशी सोय नाही. तुमचा जमिनीचा, वाटणीचा किंवा करारपूर्तीचा दावा आधी खालच्या दिवाणी न्यायालयातच सुरू होणार. नातेवाईक मुंबईचे असले की हा गोंधळ हमखास होतो.

कोणत्या दारातून आत जायचं

प्रकरणाचा प्रकार चुकला तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात, म्हणून हे वकिलाकडून पहिल्याच बैठकीत समजून घ्या.

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरचं (डिक्रीवरचं) पहिलं अपील दाव्याच्या किमतीप्रमाणे जिल्हा न्यायालयात जातं किंवा थेट हायकोर्टात येतं. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासले जातात. जिल्हा न्यायालयातही हरलात तर हायकोर्टात दुसरं अपील, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली. इथे मात्र "साक्षीदार खोटं बोलला" हे पुरत नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तरच अपील दाखल करून घेतलं जातं, आणि तो प्रश्न न्यायमूर्ती शब्दांत मांडतात. दोन्ही खालच्या कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला असेल, तर दुसऱ्या अपिलाचा मोह धरण्याआधी वकिलाला सरळ विचारा: "यात कायद्याचा प्रश्न कोणता?" उत्तर गोलमाल आलं तर दुसऱ्या वकिलाचं मत घ्या.

अपघात नुकसानभरपाईचं अपील मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ खाली येतं, मुदत ९० दिवसांची. पैसे भरायचे असलेल्या पक्षाला २५ हजार किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यातली कमी असेल ती आधी जमा करावी लागते. विदर्भात धरणांसाठी आणि रस्त्यांसाठी जमिनी गेलेल्यांची संख्या मोठी आहे, त्यांच्या वाढीव मोबदल्याची अपिलंही इथेच येतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या अपिलाला मुदत ६० दिवस आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस. जुन्या कायद्याची सवय असलेले शेतकरी इथे फसतात.

रिट याचिका म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खालचा अर्ज. सरकार, महापालिका, विद्यापीठ, जात पडताळणी समिती यांनी अधिकाराबाहेर जाऊन काही केलं, किंवा करायचं ते केलं नाही, तर २२६. खालच्या न्यायालयाचा किंवा न्यायाधिकरणाचा आदेश अधिकारक्षेत्राच्या चौकटीत आहे का हे तपासायचं तर २२७. दिवाणी न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध २२६ चालत नाही, २२७ च लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने मात्र आधी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं. त्याचंही खंडपीठ नागपुरात आहे. ते सोडून सरळ हायकोर्टात आलात तर परत पाठवणी होते.

जनहित याचिकेसाठी उच्च न्यायालयाचे २०१० चे स्वतंत्र नियम आहेत. त्यात स्वतःचा फायदा नाही हे शपथेवर सांगावं लागतं. भावाच्या प्लॉटचं भांडण जनहिताच्या वेष्टणात आणू नका.

नकलेची मागची बाजू

निकालाच्या दिवशीच सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा. "वकीलसाहेब करतील" म्हणून बसू नका, पावती स्वतः बघा.

नक्कल हातात आली की ती उलटी करा. शेवटच्या पानाच्या मागे एक शिक्का असतो आणि त्यात तारखा हाताने भरलेल्या असतात: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. तुमच्या अपिलाचं आयुष्य या दोन-तीन ओळींवर मोजलं जातं. हुकूमनाम्याविरुद्ध हायकोर्टात अपील करायला ९० दिवस मिळतात आणि नक्कल मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वजा होतो. पण हा काळ अर्जापासून धरला जातो. निकालानंतर दोन महिने घरी बसून मग अर्ज केलात, तर ते दोन महिने मोजले जातातच. शिवाय नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही ती न्यायलाच गेला नाहीत, तर ते दिवसही तुमच्याच नावावर पडतात. शाई फिकट असेल किंवा तारीख वाचता येत नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात कारण खरं आणि कागदाने सिद्ध होणारं हवं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असेल तर लावा. "आजारी होतो" एवढ्याने भागत नाही.

समोरचा पक्ष अपील करेल अशी धास्ती असेल तर तुम्ही आधी कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" असा अर्ज, टाका. ते ९० दिवस चालतं आणि तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळवणं समोरच्याला कठीण होतं. मुदत संपली की नवीन टाकावं लागतं.

वकील आणि खर्च

विदर्भातल्या बहुतेकांचे खालच्या कोर्टातले वकील हायकोर्टात ओळखीच्या वकिलाकडे काम देतात. चांगली पद्धत आहे, फक्त वकीलपत्रावर कोणाचं नाव आहे, फी कोणाला आणि कशासाठी दिली, हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. पावती मागायला लाजू नका.

पैसे नसतील तर हायकोर्टाच्या आवारातच विधी सेवा उपसमितीचं कार्यालय आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. ही सवलत १९९४ पासूनची, तरी अजून कित्येक बायकांपर्यंत पोहोचलेली नाही. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर तिला आजच सांगा.

स्वतः उभं राहून केस चालवता येते, पण त्यासाठीचे नियम आहेत आणि परवानगीची प्रक्रिया पार करावी लागते. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीतून चालतं. सातबारा, फेरफार, मराठी जबाब यांचं भाषांतर लावावं लागू शकतं. ते आधीच करून ठेवा. "भोगवटादार" आणि "कब्जेदार" यांची सरमिसळ झालेलं भाषांतर पुढे फार महागात पडतं.

दाखल केल्यानंतर

कागद दाखल झाले की आधी स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक, मिळतो. मग कार्यालय तपासणी करून ऑब्जेक्शन काढतं: पान वाचता येत नाही, शपथपत्रावर सही राहिली, कोर्ट फी कमी आहे. ती काढली की नियमित नंबर पडतो. प्रकरणं महिनोन् महिने पडून राहतात ती बहुधा इथेच, न्यायमूर्तींसमोर पोचण्याआधीच. म्हणून वकिलाला "तारीख कधी?" हे विचारण्याआधी "ऑब्जेक्शन निघाले का?" हे विचारा.

केस कोणासमोर जाणार हे मुख्य न्यायमूर्तींनी ठरवलेल्या कामवाटपावर असतं. ते सिटिंग लिस्टमध्ये वाचायला मिळतं. काही विषय एकल न्यायमूर्तींकडे, काही दोघांच्या डिव्हिजन बेंचकडे. रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, आदल्या संध्याकाळी हायकोर्टाच्या संकेतस्थळावर येतो. त्यात डब्ल्यूपी म्हणजे रिट, एफए पहिलं अपील, एसए दुसरं अपील, एलपीए म्हणजे एकल न्यायमूर्तींच्या आदेशावरचं अपील. सीएडब्ल्यू, सीएएफ अशी अक्षरं दिसली तर ते रिटमधले किंवा पहिल्या अपिलातले अर्ज.

खरंच तातडी असेल, घर पाडायला माणसं आली आहेत किंवा प्रवेशाची शेवटची तारीख उद्या आहे, तर वकील सकाळी मेन्शनिंग करून प्रकरण त्याच दिवशी घेण्याची विनंती करतात. त्यासाठी लागणारा कागद, नोटीस किंवा वेळापत्रक, रात्रीच पाठवून द्या.

अपील दाखल झालं म्हणजे खालचा आदेश थांबला, हा समज फार खोलवर रुजला आहे आणि फार नुकसान करतो. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि कोर्टाने लेखी द्यावी लागते. उलट, मिळालेली स्थगिती सहा महिन्यांत आपोआप संपते असंही कोणी सांगेल. २०१८ च्या एका निकालामुळे काही काळ तसं होतं, पण २९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्द केलं.

सुनावणी दोन मिनिटांत आटोपली तरी घाबरू नका. आदेश संकेतस्थळावर येतो, तो शब्दशः वाचा. "नोटीस" म्हणजे समोरच्याला बोलावलं आहे, अजून काही दिलेलं नाही. "हमदस्त" लिहिलं असेल तर नोटीस स्वतः नेऊन बजावण्याची मुभा आहे. ती लगेच वापरा, महिने वाचतात. "रूल" म्हणजे याचिका सविस्तर सुनावणीसाठी दाखल करून घेतली. "रूल ॲब्सोल्यूट" म्हणजे याचिका मंजूर, "रूल डिस्चार्ज्ड" म्हणजे फेटाळली. "स्टँड ओव्हर" म्हणजे पुढची तारीख.

निकाल वाचताना: तो जिवंत आहे का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हायकोर्टाचा निकाल पेपरात छापून आला की व्हॉट्सॲपवर फिरतो आणि लोक त्यावर नोकऱ्यांचे, शिक्षणाचे निर्णय घेतात. निकालाच्या पुढे काय झालं हे कोणी फिरवत नाही.

विदर्भात याची झळ सगळ्यात जास्त बसली ती जात वैधतेच्या प्रकरणांत. पडताळणी समितीने दावा फेटाळला तर अपील नाही. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ७(२) प्रमाणे एकच वाट उरते, अनुच्छेद २२६ खाली हायकोर्ट. म्हणून नागपूर खंडपीठासमोर हलबा, माना, गोंड गोवारी अशा दाव्यांच्या रिट याचिका सतत येत राहतात.

गोवारींचं उदाहरण घ्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावरच्या मोर्चात नागपुरात ११४ गोवारी चेंगरून मेले. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. १४ ऑगस्ट २०१८ ला नागपूर खंडपीठाने गोवारींना अनुसूचित जमात मानून त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि गावागावांत गुलाल उडाला. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अनुसूचित जमातींच्या यादीत "गोंड गोवारी" आहे, त्यात "गोवारी" वाचायचं की नाही हा शोध घेणं हायकोर्टाच्या अधिकारात नाही, असं म्हटलं. मात्र त्या दोन तारखांच्या मधल्या काळात प्रमाणपत्र मिळवून ज्यांनी प्रवेश किंवा नोकरी घेतली, त्यांना संरक्षण दिलं. ज्या मुलीचं प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२० चं आहे तिची नोकरी टिकली, आणि जिची फाइल जानेवारीपर्यंत टेबलावर पडून राहिली तिच्यापुढे तो रस्ता बंद झाला. दुःख आहेच, पण निकालातल्या तारखा डोळ्यांत तेल घालून का वाचायच्या हेही यातून कळतं.

हलबांचंही असंच. नागपूर खंडपीठाने दिलेला निर्णय २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बदलला. हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत धरता येत नाहीत असं ठरलं, तरी ज्या विद्यार्थ्याचं ते प्रकरण होतं त्याची वैद्यकीय पदवी शाबूत ठेवली. त्या आधारावर पुढे कित्येकांनी नोकरीत संरक्षण मागितलं. २०१४ मध्ये नागपुरातल्या पूर्णपीठाने ते मोठ्या प्रमाणावर मान्य केलं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही पुसून टाकलं. अजूनही कोणी तो २०१४ चा निकाल घेऊन येतो. तो आज कामाचा नाही. आज समितीविरुद्ध लढणाऱ्याने २४ मार्च २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. केवळ चालीरीती जुळत नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही, ती एकमेव कसोटी नाही, असं त्यात सांगितलं आहे. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यातली जुनी नोंद हीच तुमची खरी ताकद. ती शोधायला गावच्या शाळेत आणि अभिलेख कक्षात जा, वकिलाच्या ऑफिसात ती सापडणार नाही.

प्रत्येक निकाल उलटतोच असं नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल झाली, त्यानंतर महापालिकेने आरोपींची घरं पाडायला घेतली. २४ मार्चला खंडपीठाने ती कारवाई थांबवली. आदेश येईपर्यंत एक घर पाडून झालं होतं. त्याआधी १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली होती. तुमच्या दारावर अशी नोटीस लागली तर तिचा तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी वकिलाकडे पोहोचा.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या ऐन लाटेत, याच खंडपीठाने नागपूरला रेमडेसिविरच्या दहा हजार कुप्या तातडीने पुरवण्याचा आदेश दिला होता. लोणार सरोवर, अंबाझरीचं धरण, नायलॉन मांजा अशा विषयांवर इथे वर्षानुवर्षं जनहित याचिका चालल्या आहेत. अशा प्रकरणांत एकच मोठा निकाल येत नाही, छोटे छोटे आदेश येत राहतात. त्यामुळे ताजा आदेश कोणता हे बघूनच बोलावं.

तपासण्याची रीत सोपी आहे. संकेतस्थळावर केस नंबर टाकून मूळ निकाल उघडा, मग सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्याच पक्षकारांच्या नावाने शोधा. महत्त्वाच्या निकालांची मराठी भाषांतरंही ठेवलेली असतात. समजायला ती उत्तम, पण वाद झाला तर इंग्रजी प्रतच धरली जाते.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर

हायकोर्टाचा आदेश आपोआप तहसील कार्यालयात, शाळेत किंवा समितीकडे पोचेल या भरवशावर राहू नका. सही-शिक्क्याची प्रत घ्या, अर्जासोबत द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. मुदत घालून दिलेली असेल तर तिच्या आधी एकदा लेखी आठवण द्या. तरीही पाळलं नाही तर अवमान याचिका करता येते, पण तिला एका वर्षाची मुदत आहे. पैशाचा किंवा ताब्याचा हुकूमनामा असेल तर अंमलबजावणीसाठी पुन्हा खालच्याच न्यायालयात दरखास्त टाकावी लागते.

आणि विरोधात गेला तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी निकालापासून ९० दिवस आहेत. नकलेचा अर्ज मात्र त्याच दिवशी.